न रडवणारा कांदा

सुदर्शन ओळखायचा असेल तर फुलाची वाट पाहावी लागते, आणि फूल कधी द्यायचं हे सुदर्शन स्वतः ठरवतो. सांगलीत आमच्या घरामागं, नदीकडच्या अंगाला, बायकोनं या कंदांच्या दोन लांब ओळी लावल्या होत्या. गल्लीतली माणसं पानं मागायला यायची. कान ठणकायला लागला की सुदर्शनाचं पान तव्यावर गरम करायचं आणि त्याचा रस कानात पिळायचा, हा आमच्याकडचा जुना उपाय. बायको पान तोडून द्यायची आणि वर सांगायची, "आधी डॉक्टरला दाखवा." माणसं पान घेऊन जायची, सल्ला फाटकापाशी ठेवून जायची.

नावांचा तर आनंदच होता. आमच्या गल्लीत जाड कांद्याचं, लांब पानांचं, पांढऱ्या फुलाचं जे काही असेल ते सुदर्शन. पूर्वेकडच्या कोरड्या भागातले आमचे ओळखीचे त्यालाच नागदवणा म्हणत. तो दारात असला की साप फिरकत नाही, अशी त्यांची खात्री. आमच्या नागदवण्याच्या बुडाशी एक धामण रोज उन्हाला येऊन पडायची. तिच्या कानावर हे कुणी घातलं नसावं. नर्सरीवाल्याचं सोपं होतं. त्याच्या लेखी सगळ्याच लिली, आणि सगळ्याच परदेशी.

बायको शाळेत चित्रकला शिकवायची. तिला असलं मोघम चालत नसे. फूल उमललं की ती बसायचा वेताचा मोडा घेऊन समोर बसायची. पाकळ्या अरुंद नि सुट्या आहेत की रुंद नि घंटेसारख्या? मधोमध गुलाबी पट्टा आहे का? फुलाची नळी किती लांब, पानाची कड बोटाला गुळगुळीत लागते की बारीक करवतीसारखी? पुंकेसरांच्या बुडाशी पातळ पडद्याची वाटी दिसली, की ते झाड या ओळीत बसायला नालायक. मग भले ते विकणाऱ्यानं तिच्या गळ्यात सुदर्शन म्हणून मारलेलं असो. पावसाळ्यात काळ्या-पिवळ्या अळ्या यायच्या आणि एका रात्रीत पानांचा भुगा करायच्या. त्या ती चिमट्यानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकायची. मी इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. माझं काम मोडा आत आणून ठेवण्याचं.

या सगळ्यांत एकाची ओळख पटली नव्हती. बायकोचं माहेर साताऱ्याचं. तिकडं घाटातल्या रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं असताना, यंत्रानं कडेला लोटलेल्या मातीच्या ढिगात तिला एक कंद सापडला होता. एका बाजूनं खरचटलेला, मध्यम कांद्याएवढा. सह्याद्रीच्या पठारांच्या कडेला या कुळातली एक दुर्मीळ जात होते, असं तिनं वाचलं होतं. हा तोच असेल किंवा नसेलही. फूल आल्याशिवाय सांगता येत नव्हतं, आणि तो दरवर्षी चार पानं काढून गप्प बसायचा. कित्येक वर्षं ती त्याची वाट पाहत होती. आमच्या घरी त्याला नाव नव्हतं. तो नुसता 'घाटातला'.

महापुराचं पाणी मागच्या कुंपणाशी आलं तेव्हा मी पुस्तकं वरच्या फळीवर चढवत होतो. पाणी कुठवर चढू शकतं याचा अंदाज इतिहासाच्या माणसाला इतरांपेक्षा बरा असायला हवा होता. तसा तो नव्हता. बायको पावसात खुरपं घेऊन मागं गेली. नारळाएवढे मोठे कंद तिनं जागेवर सोडले आणि प्रत्येकाच्या बुडाशी फुटलेलं एकेक पिल्लू काढून घेतलं. घाटातला तेवढा सबंध घेतला. पानं कापली, मुळं छाटली, माती पुसली. कंदाला वारा लागला नाही तर तो कुजतो, म्हणून ते सगळे तिनं कांद्याच्या लाल जाळीच्या पिशवीत भरले. गेली कित्येक वर्षं ती कंद असेच ठेवत आली होती. त्याहून योग्य पिशवी जगात नाही, असं तिचं म्हणणं होतं.

बोटीत माणशी एक बोचकं घ्यायची परवानगी होती. मी औषधं आणि घराची कागदपत्रं घेतली. तिच्या हातातली जाळी बघून बोटवाला म्हणाला, "आवं काकू, पुरात कांदं कशाला घेतलासा? तिकडं जेवाय देत्यात की!"

"हे खायचे नाहीत," ती म्हणाली.

"मग कशाला वडताय?"

हे सांगायला वेळ लागला असता, आणि बोट भरली होती.

आम्हाला कुपवाडच्या अंगाला, उंचावरच्या एका शाळेत नेऊन ठेवलं. खाली सभागृह, वर वर्ग, आणि दोन्हीकडं माणसं. ओल्या सतरंज्यांचा वास, तान्ह्यांचं रडणं, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, पाणी उतरतंय का. ते उतरत नव्हतं. सगळी व्यवस्था लष्करातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांकडं होती. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती आणि आवाज तिच्याहून मोठा. त्यांनी पहिल्या दिवसापासून कुणाला खोटं सांगितलं नाही, आणि त्यामुळंच त्यांचं बोलणं ऐकवत नसे. सामानाच्या गाड्या पाण्यापलीकडं अडकल्या होत्या. आदल्या संध्याकाळी मोठ्यांना एकेक डाव खिचडी मिळाली होती, सकाळी नुसता चहा, तोही बिनदुधाचा. समोरच्या सतरंजीवरची एक बाई मुलाच्या पाठीवर थोपटत सारखी म्हणत होती, "आत्ता मिळंल, आत्ता मिळंल."

त्याच दुपारी भागातले एक पुढारी मदत घेऊन आले. फलक आधी आला, पोती नंतर. फलक सभागृहाच्या दारावर नीट मावला. पोती मात्र फोटोत मावूनही जागा उरत होती. त्यांच्या कार्यकर्त्यांना हे बरं दिसेना. त्यांनी सभागृहात फिरून दिसेल ते पोतं, दिसेल ती पिशवी उचलली आणि ढिगावर रचली, म्हणजे मदत भरघोस दिसावी. आम्ही दोघं त्या वेळी बाहेर टँकरच्या रांगेत होतो. हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. आम्ही कॅन भरून आलो तेव्हा फोटो झाले होते, ढीग स्वयंपाकाकडं गेला होता, आणि आमच्या बाकाखाली लाल जाळी नव्हती.

बायकोनं बाकाखाली पाहिलं, शेजारच्या बाकाखाली पाहिलं. तेवढ्यात मागच्या पडवीतून, जिथं चुली मांडल्या होत्या, आचाऱ्याचा आवाज आला. तो लग्नांतून रांधणारा माणूस, हौसेनं आलेला. आवाज खणखणीत.

"सायेब, कांदा एक नंबर हाय तुमचा! अर्धा कापून झाला, डोळ्यात टिपूस न्हाई! कुठला वो ह्यो?"

पुढारी अजून निघाले नव्हते. कौतुक कानावर पडल्यावर निघायची त्यांची पद्धत नसावी.

"घरचा माल आहे," ते म्हणाले. "आपल्या मळ्यातला. औषध नाही, फवारा नाही. विषमुक्त शेती."

बायकोनं कॅन खाली ठेवला. तो कलंडला तरी तिनं मागं पाहिलं नाही. साठी उलटलेल्या माणसाला इतक्या वेगानं चालताना मी पाहिलं नव्हतं. मी पोचलो तेव्हा तिनं आचाऱ्याच्या पाटावरचा अर्धा चिरलेला कंद उचलला होता. त्याची एक जाड पाकळी तिनं आडवी मोडली आणि दोन तुकडे हळूहळू लांब केले. मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू ताणले गेले. मग तिनं तो आचाऱ्याच्या नाकाशी धरला.

"वास येतोय?"

"न्हाई."

"कांदा नाही हा. विषारी आहे. आच बंद करा."

"आवं बाई," एक कार्यकर्ता पुढं झाला, "भाऊंच्या मळ्यातला हाय त्यो. आत्ता भाऊ सोता बोललं."

"भाऊंच्या मळ्यातला नाही. माझ्या परसातला आहे."

कांदा चिरणाऱ्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. भाऊंना दुसऱ्या एका छावणीतली मदत आठवली आणि ते गेले. फलक तेवढा राहिला.

त्यानंतर बायको गुडघ्यांवर बसली आणि कांद्यांच्या ढिगात हात घातला. आचाऱ्यानं जाळीतला आणि पोत्यांतला थोडाथोडा माल एकाच मोठ्या परातीत ओतला होता. ती एकेक उचलायची, मान बघायची, बूड बघायची, नखानं खरवडून वास घ्यायची. आपला निघाला की पदरात. मीही बसलो. मला प्रत्येक कांदा कंद वाटत होता आणि प्रत्येक कंद कांदा. आचारी डोक्यावर उभा राहून बोलत होता. "हजार-हजार पानांची लग्नं रांधली वैनी, ह्या हातानं. कुनाच्या पोटात कधी कळ न्हाई आली. जाळी कांद्याची, माल कांद्यावानी, वर सायेब म्हणत्यात मळ्यातला. म्या काय करावं?"

तो बरोबर होता.

ती थांबली तेव्हा पदर भरला होता. तिनं एकेक जमिनीवर मांडला. गुलाबी पट्ट्याचा तासगावचा, अरुंद पाकळ्यांचा फाटकापाशी असायचा त्याचं पिल्लू, अर्धा चिरलेला तो. ओठ हलत होते. मग तिनं वर पाहिलं.

"घाटातला नाही."

पडवीच्या त्या टोकाला मोठ्या पातेल्यात मसालेभात होता. शाळेतल्या सगळ्यांचा. त्यात आधीच परातभर कांदा परतून घातलेला होता. सालं भिंतीपलीकडच्या पाण्यात फेकलेली. त्यामुळं तिथं शोधायलाही काही नव्हतं. भात होत आला होता आणि त्याचा वास सभागृहात पोचला होता. माणसं ताटल्या घेऊन उभी राहायला लागली होती.

सुभेदार आले. बायकोनं त्यांना सांगितलं. त्यांनी पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"किती सापडंनात?"

"एक," मी म्हणालो.

"एक?" त्यांनी शिट्टी मुठीत धरली. "सर, समद्या शाळेचा भात हाय ह्यो. एवढ्या भातात एक कांदा. काय व्हईल? नीट सांगा मला. मरत्यात का मानसं?"

मी पुष्कळ वाचलेला माणूस. या कंदानं ओकाऱ्या होतात, जुलाब होतात, हे मला ठाऊक होतं. केवढ्या कंदानं, किती माणसांना, शिजवल्यावर किती कमी, हे मला ठाऊक नव्हतं. फोनला रेंज नव्हती. डॉक्टर सकाळच्या बोटीनं दुसऱ्या छावणीत गेले होते.

"बहुधा मरणार नाहीत," मी म्हणालो. "पण नक्की सांगता येत नाही."

"नक्की न्हाई म्हंता आन् भात टाकाय सांगता? शेवटचा शिधा हाय ह्यो. गाडी उद्या आली तर आली."

"सुभेदार," बायको म्हणाली, "इथं संडास किती आहेत?"

"दोन. एक तुंबलाय."

"प्यायचं पाणी?"

त्यांनी टँकरच्या रांगेकडं पाहिलं.

"तान्ही मुलं आहेत. म्हातारी आहेत. सगळ्यांना एकदम ओकाऱ्या-जुलाब लागले, तर कुठं न्याल? कशानं न्याल?"

सुभेदारांनी खाली पाहिलं. मग हळू आवाजात, त्यांचा हळू आवाज मी प्रथमच ऐकत होतो, त्यांनी विचारलं, "आन् नसलाच त्यात? बोटीत पडला आसंल, कुनी उचलला आसंल. तवा?"

"तेव्हा माझ्यामुळं सगळे उपाशी राहिले, असं म्हणा."

त्यांनी शिट्टी वाजवली. मैदानात खड्डा काढायला माणसं लावली. पाऊस चालूच होता. पातेलं चौघांनी धरून नेलं आणि मागं सगळी शाळा आली, ताटल्या हातात तशाच. भात खड्ड्यात पडला तेव्हा त्यातून वाफ निघत होती. एका म्हाताऱ्यानं वाकून हात पुढं केला. सुभेदारांनी तो मनगटाला धरला आणि धरूनच ठेवला. कुत्री उकरतील म्हणून मैदान आखायची फक्की आणून त्यावर ओतली. पांढरी भुकटी गरम भातावर पसरली, आणि मग तो कुणी खाल्ला नसता.

लोक शिव्या देतील अशी माझी तयारी होती. पण ते शिव्या देण्याइतकेही भरल्या पोटाचे नव्हते. एक जण नुसतं म्हणाला, "पुरातनं दागिनं आणत्यात, कागदं आणत्यात. ही कांदं घिऊन आली." आमच्या समोरच्या सतरंजीवरची ती बाई बायकोपुढं येऊन उभी राहिली, मूल कडेवर. "पान्यानं न्हाई मारलं, तवा तुमी घेतलं व्हय माराय? ह्याला काय देऊ मी आता? सांगा की!" आमच्या पिशवीत एक बिस्किटाचा पुडा होता. बायकोनं तो पुढं केला. बाईनं तो घेतला, कारण न घेण्याची चैन तिला परवडणारी नव्हती.

सापडलेले कंद सुभेदारांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत, करंडकांच्या कपाटात कुलूपबंद केले. "ह्यास्नी हात लावायचा न्हाई कुनी," ते म्हणाले. बक्षिसांच्या दोन ढाली आणि जिल्हास्तरीय स्पर्धेचा एक करंडक, यांच्या मधे ते बसले. शाळेच्या कपाटातल्या वस्तूंपैकी धोकादायक निदान त्या दिवशी तेवढेच होते.

त्या संध्याकाळी बायको भिंतीला टेकून बसली होती. मुलांचं रडणं चालू होतं. एक थांबलं की दुसरं. ती मला म्हणाली, "मला कळत नाही काय हवंय ते. तो त्यात असायला हवा होता का नसायला?" तो त्यात असेल तर माणसं वाचली आणि तो गेला. नसेल तर तो कुठंतरी आहे, आणि आम्ही एवढ्या माणसांच्या तोंडचा घास खड्ड्यात घातला. मी देव मानत नाही. त्यामुळं यातलं नेमकं काय मागावं, आणि कुणाकडं, हे दोन्ही माझ्यापुढचे प्रश्न तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. तांदूळ आले, डाळ आली. कांदा मात्र परातीतला आणि ढिगात सरमिसळ झालेल्या उरलेल्या पोत्यांतलाच वापरायचा होता, आणि आचाऱ्यानं हात वर केले. "म्या न्हाई शिवत. वैनींनी बघून द्यावा, मग कापतो."

बायको पडवीत बसली. एकेक कांदा उभा कापायचा, वास घ्यायचा, मग टोपलीत टाकायचा. माणसं जमली. काल ताटल्या घेऊन उभे राहिलेले तेच सगळे. तेही मोजूनमापून बघत होते. घाटातला आता या ढिगात निघाला, तर कालचा भात फुकट गेला होता. तो निघाला नाही, तर तो भातातच होता. हे सगळ्या शाळेला, शिकलेल्यांना नि न शिकलेल्यांना, कुणी न सांगता कळलं होतं. काल बायकोला बोललेली ती बाई आता तिच्या अगदी जवळ, मांडीला मांडी लावून बसली होती. दर कांद्याला विचारायची.

"ह्यो?"

"कांदाच."

"बरं झालं. ह्यो?"

"कांदाच."

"बगा नीट, वास घ्या नीट."

"कांदा आहे."

"व्हय, मला बी आला वास."

परात संपली. पहिलं पोतं संपलं. मागं बातमी जात होती, दाराशी उभा असलेला एक जण आतल्यांना सांगत होता, अजून न्हाई, अजून न्हाई. त्यांच्या आवाजात हळूहळू धीर येत होता. माझी बायको कापत होती, आणि तिचा हात प्रत्येक कांद्यावर अर्धा क्षण थांबत होता. ती कशासाठी थांबते आहे, हे तिथं मला एकट्यालाच दिसत होतं.

शेवटच्या पोत्याच्या तळाशी एक बारका, एका बाजूनं दबलेला निघाला. बाई पुढं वाकली. बायकोनं तो हातात फिरवला, बूड पाहिलं, मग सुरी घातली. वास आम्हा तिघांच्याही नाकात एकदम गेला.

बाई उठलीच. "न्हाई घावला!" ती सभागृहाकडं तोंड करून ओरडली. "न्हाई घावला गं! भातातच व्हता त्यो!"

आत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सुभेदारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. माणसं एकमेकांना सांगायला लागली की आपण कसे थोडक्यात वाचलो, कालची भूक आता प्रत्येकाला थोडी शहाणपणाची वाटायला लागली होती, आणि तो काल दागिन्यांवरून बोललेला माणूस माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, वैनींनी शाळा राखली बगा."

मी मान हलवली. बायको अजून पडवीतच होती. मोकळ्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून ती तळ चाचपत होती.